बाप असं बोलत नाही

गुलाबराव वाचनालयात आले की कादंबरीचं नाव बघत नसत, लेखकाचं तर नाहीच. पुस्तक मधोमध उघडायचं, एक पान दोन्ही हातांच्या अंगठ्यांमध्ये धरायचं आणि हलकेच ताणून बघायचं, ही त्यांची पद्धत. पान कधी फाटलं नाही. किती जोर लावायचा ते त्या हातांना बरोबर ठाऊक होतं. मग उभ्या उभ्या दोन ओळी वाचायच्या आणि पुस्तक माझ्या टेबलावर आपटायचं.

"फरदड!"

मी ढाणकीच्या वाचनालयाची ग्रंथपाल. दोन खोल्यांचं राज्य. राणी मी, शिपाई मी आणि झाडू मारणारीही मीच. नवीन होते तेव्हा मला वाटलं, म्हातारा मला शिवी देतोय. नंतर कळलं की हे गृहस्थ तीस वर्षं एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, गेटवर ग्रेडर होते. गाडीतल्या कापसाची चिमूट घ्यायची, दोन अंगठ्यांत धागा ओढून बघायचा आणि सांगायचं: एक नंबर, दोन नंबर, नाहीतर कवडी. कवडी म्हणजे किडका, डागी माल. फरदड ही त्याहून वेगळी चीज. हंगाम संपला की पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, उपटून टाकायची असते. पण माणसाचा लोभ सुटत नाही. तो त्याच थकल्या झाडाला पुन्हा पाणी देतो आणि आणखी चार बोंडं काढतो. धागा आखूड, सरकी पोचट, आणि अळीची मात्र दिवाळी.

"पण काका, कादंबरी फरदड कशी?" मी एकदा विचारलंच.

"एकाच झाडाची पाचवी वेचणी हाय हे, बाई. पह्यल्यानं बंड लिवलं, ते बंड होतं. मंग बाकीच्याहीनं त्याच झाडाले पाणी देल्लं."

त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. त्या वर्षांत आमच्या भागात कापसाचं जे झालं ते सगळ्या महाराष्ट्रानं पेपरात वाचलं, आणि लेखकांनी जरा जास्तच वाचलं. अनुदानातून पुस्तकांचा गठ्ठा आला की त्यात पाच-सहा कादंबऱ्या हटकून आमच्यावर असत. मुखपृष्ठावर मूठ, आणि नावात ठिणगी, निखारा नाहीतर वणवा. गुलाबराव ती नावं वाचून खरोखर अस्वस्थ होत. ज्या माणसानं रुईच्या ढिगाऱ्याशेजारी जन्म काढला, त्याला ठिणगी या शब्दात काव्य कुठून दिसणार?

"जिनिंगमंदी जाच्या आधी काडीपेटी गेटवर ठेवा लागते," ते म्हणत. "या लेखकायची झडती काहून घेत नाई कोणी?"

कादंबरीत शेवटी नायक कापूस पेटवतो. प्रत्येकच कादंबरीत पेटवतो. गुलाबराव ते पान वाचून उठत आणि खोलीत फेऱ्या मारायला लागत. "वेचला कोणं? त्या बाईले विचारलं काय यानं? ज्याची बोटं बोंडाच्या टोकायनं फाटले असंन तो नाई जाळत, बाई."

बसून वाचणं त्यांना जमतच नसे. पुस्तक डोळ्यांसमोर धरून ते खिडकीपासून कपाटापर्यंत आणि कपाटापासून खिडकीपर्यंत चालत, चपला फटफट वाजवत. पेपर वाचणारी मंडळी वैतागत. पण खरं सांगायचं तर त्या वर्षांत गावात कोणीच एका जागी बसत नव्हतं. कोणी भाव विचारायला चाललेलं, कोणी फवारणीचं औषध बदलायला, कोणी नुसतंच बांधावर जाऊन परत यायला. मीसुद्धा पुस्तकं उगाच या फळीवरून त्या फळीवर लावत असे. गुलाबरावांच्या चपलांना निदान आवाज तरी होता.

त्यातच दर हंगामाला गुलाबी बोंडअळी. बोंड वरून हिरवंगार, टणक. फोडलं की आत अळी. नाव गुलाबराव, आणि हातात सदैव पेन्सिल घेऊन पुस्तकं आतून पोखरायची सवय. गावानं त्यांचं नाव 'गुलाबी अळी' ठेवलं नसतं तरच नवल. त्यांना ते माहीत होतं. "अळी चांगल्या बोंडाले लागते," एवढंच ते म्हणत, "फरदडीवर तं ते फकस्त मुक्कामाले राह्यते."

कादंबरी नेली की पहिल्या कोऱ्या पानावर ते भविष्य लिहून ठेवत. पान चाळीस: मूठ आवळणार. पान नव्वद: भला मास्तर मरणार. पान दीडशे: पोरगी घर सोडणार. शेवट: सूर्य उगवणार. वाचनालयाच्या जिन्याखाली, बाजारपेठेच्या तोंडाशी रफीकभाईचं चहाचं दुकान होतं. तिथे या भविष्यावर चहाची पैज लागे आणि रफीकभाई दर वेळी हरत.

"चाचा, इस बार मास्तर बच गया तो?" रफीकभाई आशेनं विचारत.

"मास्तर कायचा वाचते! चश्मा लावते तो. चश्मेवाला गेला समज."

मास्तर जाईच. एकदा एका कादंबरीत मास्तर नुसता बेशुद्ध पडला. रफीकभाईंनी दुकानात जल्लोष केला. पण शंभराव्या पानावर तो मेलाच, आणि गुलाबरावांनी दोन चहा प्यायले.

एकदा असल्याच एका कादंबरीचे लेखक शहरातून आमच्याकडे व्याख्यानाला आले. माणूस सज्जन होता, घामाघूम झाला होता आणि आमची तारीफ करत होता. मी देवाचं नाव घेत होते की गुलाबराव येऊ नयेत. ते पहिल्या रांगेत बसले होते. बसले म्हणजे, त्यांचा गुडघा सारखा हलत होता.

"तुमच्या पुस्तकात आषाढात कापूस फुटला," त्यांनी उठून विचारलं. "आमच्या इकडं बोंडं दसऱ्याच्या आसपास फुटते. तुमची क्रांती लवकर आली काय?"

लोक हसले. लेखकही बिचारे हसले, पुढच्या आवृत्तीत बघू म्हणाले. मला वाटलं, निभावलं. पण गुलाबराव बसले नाहीत.

"अजून एक. दीडशेव्या पानावर पोरगी बापाच्या तोंडावर बोलून घराभाईर जाते. ठीक हाय, जावं. पण दुसऱ्या दिवशी बापानं काय केलं?"

"तो बाप म्हणजे व्यक्ती नाही, काका," लेखक समजावणीच्या सुरात म्हणाले. "तो व्यवस्थेचं प्रतीक आहे."

"प्रतीक दुसऱ्या दिवशी जेवते काय?"

सभा हसून लोटपोट झाली. पुढे कित्येक दिवस रफीकभाईंकडे गिऱ्हाईक आलं की कोणीतरी ओरडे, "प्रतीक चहा घेते काय?" त्या गडबडीत गुलाबराव हसत नव्हते हे मी एकटीनं बघितलं. त्यांना खरंच उत्तर पाहिजे होतं.

वाचनालयाच्या पुस्तकावर लिहिणं हा गुन्हा आहे, आणि गुलाबराव सराईत गुन्हेगार होते. पुस्तक परत आलं की मी खोडरबर घेऊन बसे. भविष्य खोडायचं, मूठ खोडायची, समासातलं "आषाढात???" खोडायचं. खोडता खोडता माझ्या एक गोष्ट लक्षात आली. बाकी सगळीकडे ते थट्टा करत, पण बापापाशी करत नसत. जिथे बाप काठी आपटून म्हणे, "चालती हो, या घराचे दरवाजे तुला बंद," तिथे ती ओळ त्यांनी पट्टी लावून नीट खोडलेली असे. खाली बारीक अक्षरात: "बाप असं बोलत नाही."

प्रत्येक पुस्तकात. कधी नुसतं तेवढंच, कधी त्याखाली बापाचं बदललेलं वाक्य. "डबा घेतला का, म्हणला असन." दुसऱ्या एका कादंबरीत, "काईच नाई म्हणला." आणखी एकीत तर तीन वाक्यं लिहून तिन्ही गिरमिटून टाकलेली, कागद पार झिरझिरीत झालेला. त्या पानाशी माझा खोडरबर थांबला. त्या दिवसापासून बापाच्या ओळी मी खोडल्या नाहीत.

त्यांना एकच मुलगी, वंदना. फुलसावंगीच्या शाळेत शिक्षिका होती. गाव काही सातासमुद्रापार नाही, पण ती चार वर्षांत घरी आलेली नव्हती. बायको, शांताबाई, महिन्यातून एकदा लेकीकडे जात. गुलाबराव त्यांना गाडीत बसवून देत, पिशवी खिडकीतून आत देत, आणि गाडी हलली की पुढच्या गाडीचा बोर्ड वाचत उभे राहत. बापलेकीचं बोलणं बंद आहे हे गावाला माहीत होतं. कारण मात्र प्रत्येकाचं निराळं होतं. कोणी म्हणे लग्नावरून, कोणी म्हणे नोकरीवरून. शांताबाईंना विचारलं तर त्या म्हणत, "माह्या हातून लोणचं जाते, बोलनं जात नाई."

आमच्या वाचनालयाची एक फिरती पेटी होती. महिन्याला पंचवीस पुस्तकं भरायची आणि आसपासच्या शाळांत आळीपाळीनं पाठवायची. फुलसावंगीची पाळी आली तेव्हा मी एक आगाऊपणा केला. मी मुळात आगाऊ आहे, माझी आई ते सांगून सांगून थकली. मुलांच्या पुस्तकांखाली मी ती झिरझिरीत पानाची कादंबरी ठेवली आणि वर चिठ्ठी लावली: 'शिक्षकांसाठी.'

महिन्यानं पेटी परत आली. मी कादंबरी उघडली आणि कपाळावर हात मारला. पेन्सिल निदान पुसता येते. वंदनाबाईंनी लाल पेन वापरलं होतं! गिरमिटलेल्या वाक्यांतूनही शब्द हुडकून 'म्हणला'चं 'म्हणाला' केलं होतं, 'असन'चं 'असेल', 'काईच'चं 'काहीच'. वडिलांच्या अक्षराला तिनं सहावीच्या वहीसारखं तपासलं होतं. आणि दीडशेव्या पानावर, 'बाप असं बोलत नाही' या ओळीखाली, लाल शाईत एकच प्रश्न: "मग काय बोलतो?"

मी ते पान गुलाबरावांपुढे धरलं. त्यांनी अक्षर ओळखलं. चपलांचा आवाज थांबला. मला वाटलं आता माझी खरडपट्टी निघणार. पण ते माझ्या समोरच्या खुर्चीत बसले, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच पाठ टेकून बसले.

"तुमाले सांगतो," ते म्हणाले. "कोणाले सांगू नका."

ते सांगू लागले. वंदना लहानपणी त्यांचा दुपारचा डबा घेऊन गेटवर येई आणि कापसाच्या ढिगाशी खेळे. तिला त्यांनीच धागा ओढायला शिकवलं. दहा वर्षांची पोर डोळे मिटून ग्रेड सांगायची. "माह्यापेक्षा तिची बोटं चांगली होती, बाई." तिचं शिक्षण संपलं आणि फुलसावंगीच्या नोकरीचं पत्र आलं, तो बोंडअळीचा पहिला हंगाम. गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत लागलेली. सकाळी मालकानं गुलाबरावांना बोलावून सांगितलं, आज जे येईल ते कवडी. गुलाबराव बरं म्हणाले. दुपारपर्यंत ते कवडी, कवडी म्हणत कवडीच्या भावाच्या चिठ्ठ्या फाडून देत राहिले. त्यात तांड्यावरच्या एका म्हातारीची गाडी आली. तिनं माल निवडून, अळीचं एकेक बोंड बाजूला काढून आणला होता. त्यांनी चिमूट घेतली, धागा ओढला आणि म्हणाले, कवडी.

डबा घेऊन आलेली वंदना शेजारीच उभी होती. तिनं गाडीत हात घातला, धागा ओढला आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाली, "बाबा, हा कवडी नाई. एक नंबर हाय. तुमीच शिकवलं मले."

"सारे माह्या तोंडाकडे पाहून राह्यले."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

गुलाबरावांनी डोळे मिटले. "मी म्हणलं, उन्हात उभी राहू नोको. डोक्याले रुमाल बांध."

रांग हसली. मालकाचे लोक हसले, गाडीवाले हसले. म्हातारी तेवढी हसली नाही. वंदनानं डबा जमिनीवर ठेवला आणि ती निघून गेली. आठवड्यानं ती फुलसावंगीला हजर झाली. आईजवळ एवढंच म्हणाली की बाबांनी चारचौघांत मला लहान पोर केलं.

"मले तिची थट्टा नव्हती कराची," गुलाबराव म्हणाले. "खरंच ऊन होतं. माह्या तोंडात दुसरं काई आलंच नाई. आन् त्या म्हातारीची चिठ्ठी मी कवडीचीच फाडली." ते उठले, पुन्हा बसले. "कादंबरीतला बाप कसा असते? एक तं काठी घेऊन धावते, नाई तं शेवटच्या पानावर तिच्यासंगं उभा राह्यते. मी दोन्ही नाई केलं. मी कोणत्या पुस्तकात हावो तेच पाहून राह्यलो इतके वर्षं. कोण्या लेखकानं मले घेतलंच नाई."

मला त्यांचा राग आला, हे कबूल करते. त्या म्हातारीची चिठ्ठी माझ्या डोळ्यांपुढून हलेना. आणि त्याच वेळी असंही वाटत होतं की या माणसाच्या पाठीवरून हात फिरवावा. मी दोन्हींतलं काही केलं नाही. पेन्सिल त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "तिनं प्रश्न विचारलाय, काका. उत्तर द्या."

उत्तराला नऊ दिवस लागले. रोज येत, ते पान उघडत, दोन शब्द लिहीत आणि माझाच खोडरबर मागून घेऊन खोडत. रफीकभाईंनी वर येऊन विचारलं, चाचा बीमार हैं क्या, पैज नाही, कुछ नाही. नवीन गठ्ठ्यात तीन ठिणग्या आल्या होत्या, त्यांना त्यांनी हातसुद्धा लावला नाही. दहाव्या दिवशी त्यांनी पुस्तक मिटून माझ्याकडे दिलं आणि जिना उतरले. मी अर्थातच उघडून बघितलं. पेन्सिल इतकी दाबून लिहिलं होतं की मागच्या पानावर उमटलं होतं:

"माल एक नंबर होता. मले मालूम होतं. तुहं बरोबर होतं. माहं चुकलं."

नियमाप्रमाणे पेटी आता दुसऱ्या शाळेकडे जायची होती. ती फुलसावंगीलाच गेली. रजिस्टरमध्ये मी काय कारण लिहिलं ते विचारू नका.

तो महिना गुलाबरावांनी मला जगू दिलं नाही. पेटी पोचली का, उतरवताना ओली तर झाली नसेल, कुलपाची किल्ली कोणाजवळ असते, पुस्तक दुसऱ्याच कोणा मास्तरनं नेलं तर. मी चिडून म्हणाले, "काका, मास्तर चष्मेवाला असेल तर काळजी नको, तो मरेलच." ते हसले नाहीत. माझं मलाच वाईट वाटलं.

पेटी आली त्या सकाळी मी कुलूप उघडायच्या आधी ते दारात उभे होते. अंगावर इस्त्रीचा सदरा. मी पेटी उघडली, पुस्तक त्यांच्यापुढे केलं. त्यांनी हात मागे घेतला.

"तुमीच पाहा."

मी पान उघडलं. लाल शाई होती. पण प्रत्येक शब्द तपासलेला नव्हता. 'मले' तसंच सोडलं होतं. 'तुहं बरोबर होतं' यालाही हात लावलेला नव्हता. फक्त शेवटच्या ओळीतल्या 'माहं'वर एक आडवी रेघ, आणि खाली, फळ्यावर लिहावं तसं गोल, सुटं अक्षर:

"माझं चुकलं. — दहा वेळा लिहून आणावे."

आमच्याकडे शाळेत चुकलेल्या शब्दाला हीच शिक्षा असते. आपण सगळ्यांनी ती भोगली आहे. मी मोठ्यानं वाचलं आणि मला हसू आलं. गुलाबराव टेबलाला धरून उभे होते.

"कागद द्या," ते म्हणाले.

मी रजिस्टरचा एक रेघांचा कागद फाडून दिला. ते खिडकीजवळ बसले. पासष्टीचा माणूस, चष्मा नाकावर, जीभ ओठाच्या कोपऱ्यात. माझं चुकलं. माझं चुकलं. पेपर वाचणारे बघत होते, त्यांची त्यांना फिकीर नव्हती. सहाव्या ओळीला हात थांबला. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, काई नाई, अक्षर बिघडून राह्यलं. सातवी ओळ त्यांनी सावकाश लिहिली, दहावी त्याहून सावकाश. मग बोट ठेवून दहा ओळी मोजल्या.

"द्या इकडे," मी हात पुढे केला. "पेटीची वाट कशाला बघायची, आजच्या टपालानं धाडून देते."

त्यांनी कागदाची घडी घातली, सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं.

"पाठवावे नाई लिवलं तिनं, बाई," ते म्हणाले. "आणावे लिवलं हाय."